माँत्रोला वीस मिनिटं पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत आठ दिवसांच्या स्वित्झर्लंड सहलीवर लेख आला होता. त्यात माँत्रो या गावाच्या वाट्याला अडीच ओळी आल्या. लेमान सरोवराकाठचं टुमदार गाव, ‘पाचगणीत जन्मलेल्या’ फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा, फोटो काढून वीस मिनिटांत पुढे निघता येतं, संपलं. या अडीच ओळींवर मला अडीच पानं लिहायची आहेत. तुम्ही कात्री लावणार हे गृहीत धरते, पण जन्मगावाची दुरुस्ती तेवढी कापू नका.

फ्रेडी, म्हणजे क्वीन या इंग्रज रॉक बँडचा गायक, जन्मला झांझिबारला, ५ सप्टेंबर १९४६ रोजी. नाव फारुख बुलसारा. घर पारशी, मूळ गाव बुलसार, म्हणजे आजचं वलसाड, म्हणून आडनाव बुलसारा. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. ‘फ्रेडी’ हे नाव तिथल्या मित्रांनी पाडलं, पियानो तो तिथे शिकला आणि चार शाळासोबत्यांना घेऊन पहिला बँडही तिथेच काढला. म्हणजे जन्म आपला नाही, पण हात बसला तो आपल्याकडे. मला विचाराल तर ते जास्त मोलाचं. जन्म काय, कुठेही होतो.

हे मी वाईत बसून लिहिते आहे. पाचगणी आमच्या डोक्यावर, पसरणीचा घाट चढला की आलीच. माझे वडील पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे. भाता फाटला, रीड बसकी झाली, पट्टी अडकली, की त्यांना बोलावणं यायचं. पाचगणीच्या शाळांमध्ये प्रार्थनेच्या पेट्या असत, त्यांच्यासाठी ते सकाळच्या एस्टीने वर जात आणि संध्याकाळी खोकत खाली येत. सेंट पीटर्सला ते गेले होते की नाही, आणि गेले असले तर पुढे आलेल्या दातांचा तो मुलगा त्यांना दिसला की नाही, हे मला माहीत नाही. हे आवर्जून सांगते, कारण त्याच्यावरचा सिनेमा आल्यापासून आमच्या भागात प्रत्येकाच्या मामाने फ्रेडीला पाहिलेलं असतं.

मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. अजूनही घरी दहा-बारा मुलं पेटी शिकायला येतात. तेव्हा पुढे जे लिहिते ते कान लावून फिरलेल्या बाईचं लिहिणं आहे. डोळ्यांनी पाहण्यासारखं पुष्कळ आहे, ते तुमच्या लेखात आलंच आहे.

पहिल्यांदा मी माँत्रोला गेले ती २०१४ साली, एका सहल कंपनीबरोबर. कंपनीचं नाव लिहीत नाही, मालक ओळखीचे आहेत आणि दिवाळीला फराळ पाठवतात. आमचे सहल व्यवस्थापक गावाचा उच्चार ‘मॉन्ट्रेक्स’ करत. बस काठावर थांबली तेव्हा पाऊस चालू होता. त्यांनी माईक हातात घेतला: “पुतळा, फोटो, वॉशरूम, बस. वीस मिनिटं.” आम्ही एक्केचाळीस जण. वॉशरूमच्या रांगेत माझी अकरा मिनिटं गेली. उरलेल्या नऊ मिनिटांत एका हाताने छत्री सांभाळत मी फ्रेडीपर्यंत पोहोचले, तर पुढ्यात आमच्याच बसमधली दोन कुटुंबं त्याच्यासारखा हात वर करून उभी. बसमध्ये परत बसले तेव्हा हेडफोन लावलेला कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, “काकू, ते ‘स्मोक ऑन द वॉटर’ गाणं इथलंच बरं का.” हे वाक्य संपेपर्यंत गाव मागे पडलं होतं. इंटरलाकेनला मात्र आम्ही दीड दिवस होतो. तिथे कंपनीचा आचारी बटाटेवडे करणार होता.

तो दिवस माझ्या मनात अडकून राहिला. २०२३च्या जुलैत भाचीने बोलावलं. ती शेजारच्या व्हेवे गावात राहते. बारा दिवस राहिले आणि त्यातले निदान नऊ दिवस रोज माँत्रोला गेले. व्हेवेहून व्हिलनव्हला जाणारी २०१ क्रमांकाची बस आहे, वरच्या तारेवर चालणारी, आवाज जवळजवळ नाहीच. क्लारां, माँत्रो, तेरिते, शियाँचा किल्ला, सगळं त्याच एका रस्त्यावर. हॉटेलात उतरलात तर तिथे एक कार्ड देतात, त्यावर ही बस फुकट आहे. तुमच्या लेखात हे यायला हवं होतं. त्याऐवजी चॉकलेटच्या दुकानांवर अख्खा परिच्छेद खर्च झाला.

गावाची ठेवण आधी सांगते. एका अंगाला सरोवर, समुद्रसपाटीपासून ३७२ मीटरवर. दुसऱ्या अंगाला लगेच डोंगर. रोशे द नेचं शिखर २,०४२ मीटरवर, आणि स्टेशनातूनच दातेरी रुळांची छोटी गाडी थेट तिथवर चढते. पाण्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर. थंड वारा मागचे डोंगर अडवतात आणि पाणी ऊब धरून ठेवतं, त्यामुळे काठावर चक्क ताडामाडाच्या जातीची झाडं आहेत. एकोणिसाव्या शतकात थंडीने गारठलेले श्रीमंत इंग्रज आणि रशियन लोक इथे हवापालटाला येत. पाचगणी वसवणाऱ्या साहेबाच्या डोक्यातही हवापालटच होता. हवापालटाला आलेल्या माणसाकडे वेळ असतो. वेळ असला की तो संध्याकाळी वाद्यवृंद मागतो. मग गाव वाद्यवृंद पोसू लागतं.

माँत्रोने त्यासाठी काठावर कुर्साल बांधलं, म्हणजे कॅसिनो आणि संगीताचं सभागृह एकत्र. १९१२ सुमारास तिथल्या वाद्यवृंदापुढे एर्नेस्ट आन्सेर्मे नावाचा तरुण उभा राहू लागला. हा गृहस्थ आधी लोझानला गणित शिकवायचा! आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग त्यात काय, मात्रा मोजायच्याच तर असतात.” पुढे तो विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीत संचालकांपैकी एक झाला. १९१९ साली त्याने सिडनी बेशे या कृष्णवर्णीय क्लॅरिनेटवादकावर एक लेख लिहिला. जॅझला गंभीरपणे घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लेखनात तो धरला जातो. आणि लिहिणारा कोण, तर माँत्रोच्या कुर्सालात व्हाल्ट्झ नाचाचं संगीत वाजवून घेणारा माणूस. या गावात शास्त्रीयवाले आणि जॅझवाले एकमेकांकडे पाठ करून बसत नाहीत, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

आन्सेर्मेचा शेजारी होता रशियन संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की. तो क्लारांमध्ये राहायचा. माँत्रोहून चालत अर्ध्या तासाच्या आत आपण तिथे पोहोचतो. १९१२च्या हिवाळ्यात क्लारांमधल्या भाड्याच्या घरात त्याने ‘वसंताचा विधी’ हे बॅले-संगीत तडीस नेलं. खोली आठ फूट बाय आठ फूट, आत एक लहान पियानो, एक टेबल, दोन खुर्च्या, असं त्यानेच पुढे सांगून ठेवलं आहे. २९ मे १९१३ रोजी पॅरिसला ते सादर झालं तेव्हा प्रेक्षागृहात इतका गोंधळ झाला की नाचणाऱ्यांना वाद्यवृंद ऐकू येईना.

क्लारांमध्ये त्या रचनेच्या नावाचा रस्ता आहे. भाची आणि मी मुद्दाम गेलो. र्‍यू द्यु साक्र द्यु प्रँतां. म्हणजे ‘वसंतविधी पथ’ म्हणायला हरकत नाही. अगदी साधी गल्ली. एका गॅलरीत धुणं वाळत होतं, खाली मुलाची तीनचाकी सायकल, कचऱ्याच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. कुणी फोटो काढत नव्हतं. मी पाटीखाली उभी राहून मोबाइलवर त्यातलं सुरुवातीचं बासूनचं वादन लावलं. बासून एरवी खर्जाचं वाद्य, पण इथे ते इतकं वरच्या पट्टीत लावलेलं आहे की एखाद्या म्हाताऱ्याने तार षड्जाला हात घालावा तसं ऐकू येतं. वरच्या खिडकीतून एका बाईंनी डोकावून पाहिलं, मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. भाची म्हणाली, “मावशी, चल आता, ओरडतील.” शंभर वर्षांत शेजाऱ्यांचं मत फारसं बदललेलं दिसलं नाही.

त्याच क्लारांमध्ये १८७८च्या वसंतात चायकोव्हस्की हा आणखी एक रशियन संगीतकार आला होता. मोडलेलं लग्न मागे टाकून आलेला, मनाने पार खचलेला. त्याचा व्हायोलिन वाजवणारा तरुण शिष्य कोटेक भेटायला आला आणि याने महिन्याभराच्या आत व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे एकट्या व्हायोलिनला वाद्यवृंदाची साथ अशी रचना, लिहून काढला. मधला संथ भाग तर एकदा लिहून झालेला बाजूला ठेवून नव्याने लिहिला. ज्याला तो अर्पण केला त्या बड्या व्हायोलिनवादकाने वाजवायचं टाळलं. १८८१ साली व्हिएन्नात तो पहिल्यांदा वाजला तेव्हा तिथल्या नामांकित समीक्षकाने धू धू धुतला. आज तो येत नसेल तर व्हायोलिनवादकाला कुणी उभं करत नाही.

आता त्या बसमधल्या मुलाच्या वाक्यामागची राहिलेली गोष्ट.

४ डिसेंबर १९७१. आन्सेर्मेच्याच त्या जुन्या कॅसिनोत फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू होता. श्रोत्यांतल्या कुणी तरी इशाऱ्याच्या दारूचं पिस्तूल छताकडे उडवलं. छताने पेट घेतला आणि कॅसिनो जळून खाक झाला. जीव मात्र एकही गेला नाही. क्लोद नोब्स नावाचा माणूस आत-बाहेर धावत पोरांना ओढून काढत होता. डीप पर्पल हा इंग्रज बँड त्याच कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायला येऊन बसला होता. त्यांनी समोरून पाहिलं, तर धूर सरोवरावर पसरलेला. जागाच जळली. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळकांडीत गाद्या लावून त्यांनी अल्बमचं बहुतेक काम उरकलं. त्या आगीवर त्यांनी गाणं केलं तेच हे ‘स्मोक ऑन द वॉटर’. शब्द ऐका, ती सरळ सरळ बातमी आहे. कुठे, कोण, काय जळलं, पुढे कुठे गेलो. तुमच्या बातमीदारांना बारशात भेट द्यावी अशी.

आणि त्याची सुरुवातीची धून वाईतल्या गिटारच्या क्लासात पहिल्याच महिन्यात शिकवतात, शेजारच्या गल्लीतून रोज संध्याकाळी येते. मी ती पेटीवर बसवली. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. झालं. दोन मध्यम एकाला लागून एक. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “बाई, म्हणजे ललत का?” ललत रागातही दोन मध्यम असेच लागून येतात. ललत नाही गं, पण प्रश्न लाख मोलाचा होता, तिला एक पेढा दिला.

क्लोद नोब्सबद्दल थोडं जास्त लिहिते, तुमच्या लेखात त्याचं नावच नव्हतं. हा तेरितेचा, म्हणजे याच काठावरचा. शिकला स्वयंपाक आणि नोकरी पर्यटन कार्यालयात. गावात माणसं यावीत म्हणून त्याने १९६७ साली तीन दिवसांचा जॅझ महोत्सव काढला. पुढे तीन दिवसांचे दोन आठवडे झाले आणि जॅझबरोबर रॉक, सोल, ब्राझीलचं संगीत, सगळं आलं. पण त्याची खरी करामत म्हणजे पहिल्यापासून जवळजवळ सगळं टेपवर उतरवून ठेवलं, तेही दर्जा न सोडता. हजारो तासांचा तो साठा २०१३ साली युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत गेला. लोझानच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने तो डिजिटल करून घेतला. नोब्स त्याच वर्षीच्या जानेवारीत गेला, नाताळच्या सुमारास स्कीइंग करताना पडला तो उठलाच नाही.

महोत्सव लोकांना महागडा वाटतो, आणि मोठ्या सभागृहाची तिकिटं आहेतच तशी. मी एकही काढलं नाही. मी पोहोचले तेव्हा शेवटचे चार दिवस उरले होते. काठावर आणि बागेत मांडवच मांडव, तिथे फुकट ऐकायला मिळतं, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत. एका संध्याकाळी वीस-बावीस वर्षांची एक मुलगी कॉन्ट्राबास वाजवत होती. तिच्यापेक्षा वाद्य उंच. ढोलवाल्याने मध्येच लय दुप्पट केली. तिने डोळे मिटले, मूळ लय सोडली नाही आणि हातातला गज खाली ठेवून नुसत्या बोटांनी छेडत त्याला चार आवर्तनांत जाग्यावर आणलं. आमच्याकडे तबल्यासोबत पेटीवर तीच धून फिरवत लेहरा धरणाऱ्याची अशीच परीक्षा असते. तबलजी कितीही उंडारला तरी पेटी ढळता कामा नये. मी एकटीनेच “क्या बात है” म्हटलं. शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं आणि पुढच्या वेळी तेही म्हणाले, त्यांच्या उच्चारात.

शनिवारी रात्री महोत्सव संपला. सोमवारी गेले तर मांडव उतरत होते, लोखंडी नळ्या एकमेकींवर पडत होत्या, माणसं एकमेकांना फ्रेंचमध्ये शिव्या देत असावीत. त्यानंतरचं गाव मला जास्त आवडलं. शुक्रवारी पुतळ्याच्या मागच्या जुन्या लोखंडी मंडईत बाजार भरतो. व्हाले भागातल्या जर्दाळूंचा दिवस होता. एका बाईने हातावर अर्धा कापून ठेवला. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे सुकलेला, आतली बी फोडून खायचा. ताजा असा रसाळ असतो हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

पिशवी घेऊन फ्रेडीपाशी बसले. या वेळी पाऊस नाही, बस नाही. पुतळा माणसापेक्षा बराच उंच, तोंड सरोवराकडे, उजवा हात वर, डाव्या हातात माईकची काठी. चेक वंशाच्या इरेना सेद्लेच्का या शिल्पकार बाईंनी तो घडवला आणि २५ नोव्हेंबर १९९६ रोजी मोन्सेरात काबाये या गायिकेच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. लंडनमध्ये आधी जागा शोधली, मिळाली नाही, म्हणून तो इथे आला. पायाशी फुलं, चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर दगड ठेवलेला.

तिथून पाच-सात मिनिटांवर नवा कॅसिनो, जळलेल्याच्या जागी १९७५ साली उभा राहिलेला. आत जुगाराची यंत्रं टणटण करतात, ती ओलांडून गेलं की एक दार लागतं आणि दाराभोवतीची भिंत जगभरच्या लोकांनी लिहून भरवलेली. हा माउंटन स्टुडिओ. क्वीनने १९७८ साली इथे ध्वनिमुद्रण केलं, पुढच्या वर्षी स्टुडिओच विकत घेतला. आता तिथे लहानसं संग्रहालय आहे. तिकीट नाही, इच्छा असेल तर एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या न्यासाच्या पेटीत पैसे टाका. फ्रेडीचं अखेरचं गायन १९९१ साली इथलंच. एड्सने शरीर पोखरलेलं, चालणं जड झालेलं. ‘मदर लव्ह’ या गाण्याचं शेवटचं कडवं तेवढं राहिलं, “परत आल्यावर करू” या बोलीवर. तो परत आला नाही, ते कडवं मग क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे गायला. त्या २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला.

आत एक मिश्रणाचं टेबल ठेवलंय, पट्ट्या वरखाली करायच्या. ढोल वेगळा, गिटार वेगळी, आवाज वेगळा. मला ते पेटीच्या सुरांच्या खुंट्यांसारखं वाटलं, मी लगेच हात घातला. एकेक पट्टी खाली ओढत गेले. ढोल गेला, गिटारी गेल्या, मागचे कोरस गेले. उरला एकटा आवाज. कुठलं गाणं होतं ते भाचीने सांगितलं, पण माझं लक्ष नावाकडे नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये त्याने श्वास घेतला. मोठा, उघड, छातीच्या तळापासून. मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की श्वास ऐकू येता कामा नये. तो श्वास मी पट्टी मागे-पुढे करत चार वेळा ऐकला. मागे रांग लागली होती. एक जपानी मुलगा काही न बोलता थांबला, मी उठल्यावर त्याने मान लववून नमस्कार केला. मीही हात जोडले. बाहेर येऊन त्या भिंतीवर काही लिहावंसं वाटलं. भाचीकडे पेन होतं. मी मराठीत फक्त ‘पाचगणी’ लिहिलं, एका कोपऱ्यात, टाचा उंच करून. आता पुसलं गेलं असेल.

शियाँचा किल्ला तुमच्या लेखात आला आहे, पुन्हा लिहीत नाही. एवढंच, की बिल इव्हान्स या पियानोवादकाने १९६८च्या महोत्सवात जे वाजवलं त्या तबकडीच्या वेष्टनावर हाच किल्ला आहे आणि तिला ग्रॅमी मिळालं. किल्ल्याच्या दुकानात मी ती मागितली तर दुकानातल्या मुलाने मला बायरनच्या, याच किल्ल्यावरच्या कवितेचं पुस्तक दिलं.

आता मागणी. सहल कंपन्या हे पान वाचतात, म्हणून लिहिते. माँत्रोला दोन रात्री द्या. एक दिवस कुठल्या तरी बर्फाच्या टोकावरचा कमी करा, बर्फ सगळीकडे सारखाच गार लागतो. सकाळी माणसांना क्लारांपर्यंत काठाने चालत न्या, दुपारी स्टुडिओत सोडा आणि तिथे घड्याळ दाखवू नका. जुलैत जाणार असाल तर फुकटच्या मांडवांची माहिती छापील द्या. पुढे इंटरलाकेनला जायचंच असेल तर बस सोडा. २०२२च्या डिसेंबरपासून माँत्रोहून थेट गाडी आहे, वाटेत रुळांची रुंदी बदलते तशी ती स्वतःच्या चाकांमधलं अंतर बदलून घेते. ज्येष्ठांना वॉशरूम लागतं हे मान्य, पण त्यातही अकरा मिनिटं जातात हे वेळापत्रक करणाऱ्याने धरावं. आणि गावाचं नाव ‘माँत्रो’ म्हणा. ‘मॉन्ट्रेक्स’ हे एखाद्या खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं.

एक राहिलं. या सरोवरावर अजून जुन्या चाकांच्या बोटी चालतात, सर्वांत जुनी १९०४ सालची. काही अजून वाफेवर. परतायच्या आदल्या दिवशी भाची मला एकीवर घेऊन गेली. लोक वर गच्चीत डोंगर बघत बसले. मी मधल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिले, तिथून खाली इंजिन दिसतं. पितळ चकचकीत पुसलेलं, तेलाचा वास, आणि माझ्या मांडीएवढे दांडे हळूहळू फिरत होते. दांड्यांचा ठोका, त्यावर बाहेर चाकाच्या फळ्यांचा पाण्यावर पडणारा आवाज, मध्ये एक सुस्कारा वाफेचा. भाची शोधत खाली आली: “मावशी, इथे काय बघत बसलीस? वर ये, माँ ब्लाँकडचे डोंगर दिसतायत.” मी तिला मोबाइल धरायला लावला आणि चार मिनिटं ते सगळं टेपून घेतलं.

वाईत आल्यावर मुलांना ऐकवलं. डोळे मिटून हातावर टाळी द्या म्हटलं. निम्म्यांनी सात मात्रांचा रूपक धरला, निम्म्यांनी सरळ सोळा मात्रांचा तीनताल, आणि दोन्हीकडचे ‘आमचीच सम बरोबर येते’ म्हणून भांडतात. तीन महिने झाले, मी अजून निकाल दिलेला नाही. दर वेळी ऐकते तेव्हा वाफेचा सुस्कारा मला वेगळ्याच मात्रेवर सापडतो.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, गंगापुरी, वाई
(नाव छापू नये ही विनंती. फराळाचं वर सांगितलंच आहे.)